आलेल्यांचा मुलूख



पत्रिकेत ‘जगभरचं स्थलांतर’ असे शब्द छापलेत. तेव्हा वक्ता बॅबिलोनपासून सुरुवात करील, मॉरिशसला वळसा घालील आणि न्यू जर्सीत मुक्काम ठोकील, अशी तुमची अपेक्षा असणार. मी मॉरिशसला जाणार आहे, इस्रायललाही जाणार आहे. पण निघायचं ते घोडनदीवरून आणि दर वेळी परत यायचं ते शिरूर-दौंडलाच. याचं कारण माझ्या म्हणण्यातच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. माणूस गावापासून किती कोस लांब गेला यावर त्याचं परकेपण ठरत नाही. तो कोणत्या अटीवर आला आणि आल्यावर त्याला कुणी, कुठे लिहून घेतलं, यावर ते ठरतं. सात समुद्र ओलांडलेला माणूस तिथला होऊन जातो आणि शेजारच्या जिल्ह्यातून आलेला पंधरा वर्षांनीही ‘बाहेरचा’ राहतो. निघण्याच्या कथा आपल्याकडे खूप आहेत. गाव सुटलं, आई वेशीपर्यंत आली, मागे वळून पाहिलं, हे सगळं लिहून झालंय. पोचल्यावर काय झालं ते फारसं कुणी लिहीत नाही, कारण ते लिहायचं तर यजमानाला स्वतःकडे बघावं लागतं. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या काठचा हा मुलूख दोनशे वर्षं असा यजमान आहे. म्हणून हा विषय मी इथून मांडतो आहे.

शिरूरपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या दिशेने निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढली, ती या छावणीतून गेलेली. त्या तुकडीत मुंबई फौजेचे शिपाई होते, त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तोफखाना मद्रासकडचा आणि अधिकारी इंग्रज. म्हणजे हे गाव नकाशावर ठळक झालं तेच मुळी बाहेरून आलेल्यांमुळे. याच छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला आणि इथेच पुरला गेला. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, आसपासचे शेतकरी त्याला ‘सत्पुरुष’ मानत आणि सुगीत त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखवत. सत्ताधारी परका मेल्यावर त्याला देवपण द्यायला आपण फार वेळ लावला नाही.

जिवंत परक्याची गोष्ट वेगळी असते. याच तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे. बुंदेलखंडातून आलेल्या या बाईला बाजीरावाने पाबळ इनाम दिलं. गाव मिळालं, पण पेशव्यांच्या घराने तिला घरात घेतलं नाही. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना जखमी होऊन वारला. आणि नातू अली बहादूर फौज घेऊन आजीच्या मुलखात, बुंदेलखंडात गेला. त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले. तीन पिढ्यांचा हिशेब मांडला तर दिसतं की, रक्त सांडण्याची मुभा या घराण्याला लगेच मिळाली, पंगतीला बसण्याची मिळाली नाही.

आता याच तालुक्यातल्या करड्याला येऊ. डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर दीडशे रुपयांच्या वसुलीसाठी हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या घराला हात घातला. गाव उठलं. सावकारांच्या शेतावर राबायचं नाही, त्यांच्या दुकानातून घ्यायचं नाही, त्यांच्या घरी कामाला जायचं नाही, असं ठरलं. हा बहिष्कार गावोगाव पसरला आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात दंगा होऊन सावकारांच्या वह्या-खतं जळाली. पुढे चौकशी समिती आली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला.

शेतकऱ्यांचा राग रास्त होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या रागाची मुळं कुठवर गेली होती ते बघा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने फेरआकारणी करून सारा चढवला. सावकाराने हात आखडला आणि कोर्टाचा रस्ता धरला. एवढ्या मोठ्या साखळीतला करड्याच्या माणसाला दिसणारा एकच चेहरा म्हणजे गावातला मारवाडी. सारा वाढवणारं सरकार त्याच्याहून कितीतरी लांबचं होतं, पण ते बाजारात दुकान मांडून बसत नव्हतं. परक्यावरचा राग बहुतेक वेळा असाच हाताशी असलेल्या माणसावर निघतो. आजही निघतो. आज त्याच शिरूरमध्ये आपली मुलं-मुली ज्या कॉलेजात शिकतात त्याचं नाव चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय. हे नाव घेताना राजस्थान कुणाच्या मनातही येत नाही. पोचणं म्हणतात ते हेच. त्याला पिढ्या लागल्या आणि हाताशी पैसा असल्यामुळे ते थोडं सोपंही गेलं. हे दुसरं विसरून चालणार नाही.

दौंडचं गाव रेल्वेने आणलेल्यांचं. पुण्याहून निघालेले रूळ दौंडवरून पुढे गेले ते १८५८ मध्ये. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात दौंड-मनमाड मार्गाच्या मातीकामावर उपाशी माणसं लावली गेली आणि १८७८ मध्ये त्या मार्गावर गाडी धावली. जंक्शन झालं तसे ड्रायव्हर, गार्ड, फिटर, खलाशी आले. त्यात अँग्लो-इंडियन होते, गोवेकर होते, दक्षिणेकडचे होते. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येने इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. जो देश त्यांनी पाहिलाच नव्हता त्याला ते ‘घर’ म्हणत होते आणि जिथे त्यांच्या आजा-पणज्यांनी इंजिनं हाकली ते गाव मागे टाकून निघाले. शिट्टीवर दिवस मोजणाऱ्या त्या वसाहतीने दौंडला अठरापगड केलं, आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारा माणूस कुठला हे विचारायची पद्धत गावाने फार लवकर सोडली. कारण साधं आहे. क्वार्टरला नंबर होता, माणसाला पगार होता, मुलाला शाळा होती. अटी स्वच्छ होत्या.

याच दौंड तालुक्यातलं केडगाव मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. पंडिता रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या त्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून विरोध झाला म्हणून ते रानात राहायला गेलेले. पुढे सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थं हिंडत राहिलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील गेले, मग बहीण गेली. भाऊ आणि बहीण पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या पंडितांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, जातीबाहेरचं. दोन वर्षांत तेही गेले. पदरात मनोरमा. १८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. म्हणजे त्या ‘परत’ आल्या असं आपण म्हणतो, पण त्या आल्या होत्या पहिल्यांदाच. १८८३ मध्ये इंग्लंड, तिथे बाप्तिस्मा. १८८६ मध्ये अमेरिका, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला.

रानात जन्मलेली, दुष्काळात वाढलेली, जातीने, धर्माने, प्रांताने सगळीकडून हद्दीबाहेर पडलेली ही बाई. आता तिने काय केलं ते बघा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ती स्वतः तिथे गेली आणि शेकडो मुली आणि विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेगची धास्ती होती, शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावला रेल्वेजवळ घेतलेल्या माळरानावर तिने तंबू ठोकले. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. कुणाची भाषा हिंदी, कुणाची गुजराती, कुणी इतकी लहान की गावाचं नावही सांगता येईना.

निर्वासितांच्या छावणीत सहसा काय असतं? रांग, शिधा आणि वाट पाहणं. मुक्तीत यांपैकी वाट पाहणं नव्हतं. माग होते, तेलाचा घाणा होता, शेती होती, गाई होत्या, आंधळ्या मुलींची शाळा होती. छापखाना होता आणि त्यात मुलीच खिळे जुळवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून मराठीत बायबल आणायला बसल्या, आणि ते काम पुरं करून एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती. ज्या मुलीला अक्षर माहीत नव्हतं तिच्या हाताने ग्रंथाची पानं जुळली. परकी म्हणून आलेल्या माणसाला गावाने काय द्यावं याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही: नाव, काम आणि अक्षर.

या जागेचा धागा किती लांब गेला तेही ऐका. १९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. मिनी अब्रॅम्स या तिथल्या अमेरिकन कार्यकर्तीने या जागृतीवर पुस्तिका लिहिली. ती पुस्तिका चिलीमध्ये वाल्पाराइसोला राहणाऱ्या अब्रॅम्सच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तिथे जी धार्मिक चळवळ उभी राहिली तिच्या प्रेरणांत केडगावचं नाव घेतलं जातं. दक्षिण अमेरिकेतल्या पंथांचे अभ्यासक दौंड तालुक्यातलं हे गाव ओळखतात.

आणि तरी अटींचा प्रश्न इथेही सुटत नाही. शारदा सदनात धर्मांतर होतं या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, ‘केसरी’ने झोड उठवली. आसरा देणाऱ्याचा धर्म आश्रिताने घ्यावा का, हा प्रश्न खोटा नव्हता. पण तो विचारणाऱ्या समाजाने त्या मुलींसाठी दुसरं दार उघडलं असतं तर त्या प्रश्नाला वजन आलं असतं.

आता सरकारी हुकमाने आलेल्यांकडे वळू. पुण्याला आणि कालव्याला पाणी हवं म्हणून मुठेच्या खोऱ्यात पानशेत झालं, वरसगाव झालं. खेड तालुक्यात भीमेवर चासकमान झालं, पुढे भामा आसखेड झालं. धरणाने ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांना लाभक्षेत्रात, म्हणजे पाणी जिथे जाणार तिथे, जमीन द्यायची हे महाराष्ट्राने १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने मान्य केलं. देशात याबाबत आपण पुढे होतो आणि त्यामागे १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासूनची, सेनापती बापटांच्या लढ्याची पुण्याई आहे. मुळशीच्या लोकांना मात्र असा कायदा मिळाला नाही. पुनर्वसन कायद्याच्या हिशेबाने धरणग्रस्त दौंडला आले, शिरूरला आले, हवेलीला गेले.

कागदावर हे न्याय्य दिसतं. आता सातबारा हातात घ्या आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. लाभक्षेत्रात आठ एकरांच्या ठरलेल्या मर्यादेच्या (‘स्लॅब’च्या) वर ज्याची जमीन आहे त्याच्या उताऱ्यावर पुनर्वसनासाठी राखीव, हस्तांतरणास बंदी, असा शेरा पडतो. तो शेरा निघेपर्यंत विकता येत नाही, वाटणी करता येत नाही. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला जमीन अडते. इकडे मावळातल्या माणसाच्या हातात वाटपाचा आदेश आहे, पण जमिनीचा कब्जा मूळ मालकाकडे. मोबदल्यातले पासष्ट टक्के जमिनीच्या किमतीपोटी भरायचे, मग तहसील, मग मोजणी, मग कोर्ट. कब्जा मिळालाच तर जमीन कालव्याच्या शेवटच्या टोकाची. भात लावणारा माणूस काळ्या रानात उसाच्या शेजारी उभा राहतो. घराजवळ देवराई नाही, चराई नाही, आणि बांधाला बांध लागलेला शेजारी ज्याची जमीन गेली तोच.

या भांडणात दोघेही खरे आहेत. दोघांनाही एकाच धरणाने धक्का दिलेला आहे आणि ज्या शहरासाठी हे झालं ते शहर या भांडणात कुठेच नाही. वरसगावच्या जलाशयाकाठी पुढे लवासा ही वसाहत उभी राहिली, तेव्हा पाण्यासाठी उठवलेल्या खोऱ्यात बंगल्यांसाठी माणसं आली. आणि आपला हिशेबही पूर्ण सांगतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने दौंडच्या पूर्वेकडच्या गावांनाही झळ पोचवली. एकच तालुका एका बाजूने विस्थापित घेत होता, दुसऱ्या बाजूने स्वतः विस्थापित होत होता.

उरले ते दरवर्षी येतात आणि दरवर्षी जातात असे. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावं बरीच. एक हे, घोडनदीचं. दुसरं बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासार. त्या शिरूरच्या आणि आष्टी-पाटोद्याच्या वाड्यांवरून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि भीमेकाठच्या उसात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाने उन्हाळ्यातच उचल दिलेली असते, हंगामभर ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचं. बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री टाकून कोपी उभी राहते. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची. ट्रक लागला की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, आणि हे चढणं बाई करते, पोटुशी असली तरी. कोपीत सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. तिचं नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर आहे आणि ती इथे आहे.

आता मॉरिशस. १८३४ पासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षं साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं गिरमिटावर तिथे गेली, उसाच्याच मळ्यांत. त्यात रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. करार ठरावीक वर्षांचा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, उंची, अंगावरची खूण असं सगळं वहीत उतरलं. ती वही मजुराच्या प्रेमापोटी ठेवलेली नव्हती. पळालेला मजूर शोधायला ती मळेवाल्याच्या कामाची होती. नोंद अशी दुधारी असते. तरीही आज त्या मजुराचा वंशज ती वही उघडून आपलं कोकणातलं गाव शोधू शकतो. आता मला सांगा, बीडचं एखादं जोडपं दौंडच्या फडात दहा हंगाम राबलं, तर त्यांच्या त्या दहा हिवाळ्यांचा पुरावा आपल्या कोणत्या वहीत आहे? मुकादमाच्या डायरीत उचलीचा आकडा असेल. ग्रामपंचायतीत नाही, मतदार यादीत नाही. १९७९ मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राने कायदा केला तो आंतरराज्य कामगारांसाठी. बीडहून दौंडला यायला राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही, म्हणून तोही यांना लागू झाला नाही. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं. त्याचा उपयोग कोपीपर्यंत पोचवणं हे काम अजून व्हायचंय. साखर तीच, ऊस तोच, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या गिरमिटियापेक्षा आजचा ऊसतोड कामगार कागदावर जास्त अदृश्य आहे.

केडगाव-राहूकडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली माणसं कढईशी उभी असतात. रांजणगावच्या एमआयडीसीत लातूर-नांदेडची, विदर्भाची, बिहार-ओडिशाची पोरं ठेकेदाराकडे कामाला आहेत आणि कारेगावला एका खोलीत चौघं-पाचजण पाळीपाळीने झोपतात. खोली ज्याची, त्याची जमीन एमआयडीसीत गेलेली. भाडं हाच आता त्याचा ऊस.

‘आपल्या माणसांत गेलं की परकेपण संपतं’ असं कुणाला वाटत असेल तर त्याने बेने इस्रायलांची गोष्ट ऐकावी. कोकणात शतकानुशतकं तेल गाळणारा, मराठी बोलणारा हा यहुदी समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. दोन हजार वर्षांच्या वनवासानंतर घरी परतणं, असं त्याचं वर्णन झालं. तिथे गेल्यावर लग्नाच्या वेळी धर्मपीठाने विचारलं, तुम्ही पुरते यहुदी कशावरून? त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्व बाबतीत यहुदी मानलं. कोकणात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते शनिवारी सुट्टी पाळणारे ‘शनिवार तेली’ होते, एवढं गावाला पुरलं होतं. आणि इस्रायलमध्ये ते आजही मराठी बोलतात, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक त्यांनी चालवलं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कित्येकांची मुलं आज परदेशी आहेत. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यात काय असतं? व्हिसाचा कागद झाला का, मुलाला शाळा मिळाली का, शेजारी बोलतात का. कोपीतल्या बाईच्या गरजा याहून वेगळ्या नाहीत, आणि तिच्या बाबतीत यातलं सगळं आपल्या हातात आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक: कारखान्याकडे टोळ्यांची यादी असते. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात ती ग्रामपंचायतीने मागून घ्यावी आणि रेशन, अंगणवाडी, लसीकरण त्या यादीवर चालवावं. दोन: फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेने कोपीतल्या मुलांना हंगामापुरतं बसवून घ्यावं. शिक्षण हमी पत्रकाची सोय सरकारने केलेली आहे, मूल दाराशी आलं तर कागदासाठी परत पाठवू नये. तीन: या दोन तालुक्यांतल्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं कॉलेजच्या मुलांनी वाचावीत. जन्मठिकाणाचा रकाना आणि शाळा सोडल्याचं कारण, एवढे दोनच रकाने उतरवून घ्यावेत. आपण स्वतःला इथले म्हणतो ते किती जण आणि कधीपासून, याचा पक्का हिशेब त्यातून निघेल. तो हिशेब हातात आला की पुढच्या वेळी ‘बाहेरचे’ हा शब्द उच्चारण्याआधी कुणीही आपल्या आज्याचं जन्मठिकाण एकदा बघून घेईल, अशी माझी खात्री आहे.

हे काम या व्याख्यानमालेने अंगावर घ्यावं. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्यांच्या नावाला ते शोभेल.